पाडव्याची पेंढी

"डावा हात चालतो ना गं तुझा?"

तात्या ढोकण्यांनी हे विचारलं तेव्हा मी त्याच हातानं परातीत पीठ मळत होते. तात्या आमच्या कापरगावचे सरपंच. पंचायतीतले दोघं त्यांच्याबरोबर ओट्यावर टेकले होते, आणि त्यांच्या मागं खांबाला धरून माझा नवरा सोपान उभा होता. स्वतःच्या घरात पाहुणा आल्यासारखा.

"चालतो की," मी म्हणाले. "न चालून करतो काय? उजव्याची पण कामं त्याच्याच गळ्यात पडलीत."

कुणी हसलं नाही. तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"पाडवा आला जवळ," ते म्हणाले.

"आला खरा."

"कारखान्याचं नवं मशीन यायचंय खळ्यावर."

"येऊ द्या ना. मी काय रस्त्यात आडवी झोपलेय का?"

"तसं नाय कौतिका." तात्यांनी सोपानकडं बघितलं. सोपाननं जमिनीकडं बघितलं. मग तात्यांनाच बोलावं लागलं. "अवंदा पहिली पेंढी तू घालावी, अशी गावाची इच्छा हाय."

माझा हात पिठातच राहिला. मला वाटलं, माझंच काहीतरी ऐकण्यात चुकलं. पण तात्यांचं तोंड बघितलं आणि कळलं, चुकलं काहीच नाही. माणूस खरंच हेच मागायला आला होता.

आमचं गाव ज्यांना माहीत नाही त्यांना हे कळायचं नाही. आमच्या गावाचं आणि कळसाइतांच्या कारखान्याचं नातं सोयरिकीसारखं होतं. केशव कळसाईत आमच्याच गावच्या लोहाराचा पोरगा. मळणीचं पहिलं मशीन त्यानं आमच्या खळ्यावर जोडलं, भंगारातले पत्रे ठोकून. तेव्हा कुणी त्याला गहू द्यायला तयार नव्हतं. दाणा फुटेल, भुसा होईल, लोहाराच्या पोराला काय कळतंय शेतीतलं. शेवटी तात्यांची चुलती सोनाकाकू पाडव्याच्या दिवशी पुढं आली. आपल्या रानातली गव्हाची पेंढी तिनं स्वतःच्या हातानं मशीनच्या तोंडात धरली, आणि खाली अंथरलेल्या धोतरावर दाणा पडेपर्यंत मूठ सोडली नाही.

मशीन चाललं. केशवचे केशवशेठ झाले, नगरला कारखाना उभा राहिला, त्यांची 'अन्नदा' मळणी यंत्रं पार कर्नाटकात जायला लागली. पण माणूस गावाला विसरला नाही, हे खोटं कशाला बोलू. नवीन मशीन निघालं की पाडव्याला आधी आमच्या खळ्यावर यायचं. गावातल्या सवाष्णीनं त्याला हळदकुंकू लावायचं, पहिली पेंढी घालायची, मगच ते बाजारात जायचं. आणि गावातली पोरं कारखान्यात. रोज सकाळी कारखान्याची गाडी पिंपळापाशी येऊन भोंगा वाजवायची, आणि घराघरातून डबे घेऊन गडी बाहेर पडायचे. आमच्या गावाला मुली देताना बाप शेत विचारत नव्हते. पोरगा गाडीत बसतो का, एवढंच विचारायचे. माझ्या बापानंही तेच विचारलं होतं. सोपान गाडीत बसायचा, पण रोजंदारीवर. कायम व्हायचा होता.

पेंढीचा एक नेम होता. पेंढीचं बूड मुठीत धरायचं, कणसं आत द्यायची, आणि खाली पहिला दाणा पडल्याशिवाय मूठ सोडायची नाही. आधी सोडली तर सुगी हातची सुटते म्हणायचे. जुन्या मशीनचा आतला दातेरी ढोल सावकाश फिरायचा, त्यामुळं सोनाकाकूपासून कुणालाच काही झालं नाही. पाहुण्याला वाढताना पळी धरावी तशी बाया पेंढी धरायच्या.

तात्या असे ओट्यावर आले त्याच्या आदल्या वर्षी मान माझ्याकडं आला होता. केशवशेठ वारले होते, त्यांचा मुलगा उदयशेठ पहिल्यांदाच मशीन घेऊन येणार होता. मला काय आनंद झाला होता. आठ दिवस मी जमिनीवर नव्हते. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्यांनी स्वतःची पैठणी काढून दिली, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरायला लावला, आणि दहादा बजावलं, "काय वाट्टेल ते झालं तरी दाणा पडल्याबिगर मूठ सोडायची नाय. घराण्याचं नाव घालवू नको."

नवं मशीन ट्रॅक्टरवर चालणारं होतं, भारी वेगाचं. म्हणूनच त्याच्या तोंडाला पत्र्याचा हातभर लांब खोका बसवलेला होता. पेंढी त्या खोक्यातून आत सरकवायची, हात बाहेरच राहायचा. गड्यांनी त्याला नाव पाडलं होतं नरडं.

हळदकुंकू झालं. नारळ फुटला. मी पेंढी घेऊन उभी राहिले. उदयशेठनं नगरहून फोटोवाला आणला होता. तो डोळा लावून बघायचा, मान हलवायचा, परत बघायचा.

"साहेब, बाईंचा हातच दिसत नाही," तो म्हणाला. "नुसता पत्रा येतोय."

उदयशेठनं इकडंतिकडं बघितलं. सोपान मशीनपाशीच उभा होता, पाना घेऊन. मशीन गावात आणून जोडायचं काम त्याच्याकडंच होतं.

"सोपान, दोन मिनिटं ते पुढचं काढ," उदयशेठ म्हणाला. "फोटो झाला की बसव."

सोपान एकदा माझ्याकडं बघून घुटमळला. तेवढंच. मग त्यानं नट सोडले आणि नरडं काढून बाजूला ठेवलं. सगळं खळं बघत होतं. तात्या बघत होते. आत्या बघत होत्या. गाडीत बसणारे सगळे गडी बघत होते, आणि ती मशीनं त्यांनीच बनवलेली होती. कुणाच्या तोंडून 'अहो शेठ' एवढंसुद्धा निघालं नाही. मीही बोलले नाही. मला काय माहीत, मी नरड्याचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं.

मशीन सुरू झालं. मी पेंढी धरली. काहीतरी जोरात ओढतंय एवढं कळलं, आणि कानात आत्यांचे शब्द होते. मी मूठ सोडली नाही.

पुढचं सांगत नाही. नगरच्या दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा कोपराच्या खाली बँडेज होतं आणि त्याच्या खाली काही नव्हतं.

महिनाभरानं सरकारी साहेब चौकशीला आले. चावडीवर बसले, समोर गाव. बिचारा भला माणूस होता, मला खुर्ची दिली त्यानं. मी होतं तसं सांगितलं. उदयशेठनं काढायला लावलं, माझ्या नवऱ्यानं काढलं.

"अजून कुणी पाहिलं हे?" साहेबांनी विचारलं.

अळीमिळी गुपचिळी. भर चावडीत मांजर चाललेलं ऐकू यावं, अशी सगळ्यांची तोंडं बंद. मग साहेबांनी सोपानला उभं केलं.

सोपान म्हणाला, "साहेब, ती म्हणाली, माझा हात दिसू द्या फोटोत. चुडा दिसू द्या. म्हणून मी काढलं. शेठचं लक्ष नव्हतं."

मी त्याच्याकडं बघत राहिले. इतकं सरळ, न अडखळता बोलला. शाळेत कविता पाठ म्हणतात तसं.

साहेबांनी गावाला विचारलं, "असंच झालं का?"

तात्या म्हणाले, "असंलच झालं साहेब. बायामाणसांना हौस असती."

झालं. बाईच्या हट्टापायी अपघात, कारखान्याचा दोष नाही. पावसाळ्याच्या आत सोपान कायम झाला. घरी पेढे आले. आत्यांनी देवापुढं ठेवले, एक माझ्या तोंडात भरवला. मी थुंकला नाही, गिळला. आज वाटतं थुंकायला हवा होता.

मी सोपानला विचारलं होतं, का असं बोललात म्हणून. तो म्हणाला, "हात तर गेलाच होता कौतिका. आता नोकरी पण घालवू का? गाडीत बसणारी सगळी घरं घालवू?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगत होता, आणि त्याला मनापासून वाटत होतं की मला ते पटेल.

हात गेला त्याचं दुःख होतंच. पण त्याच्यापेक्षा दुसरं झोंबायचं. वर्षभर गावानं माझं नाव 'फोटोवाली' पाडलं होतं. पाणवठ्यावर गेले की बाया एकमेकींना कोपर मारायच्या. कुणी लेकीला म्हणायचं, नटायचा नाद करू नको, कौतिकाचं बघ काय झालं. आणि आत्या, ज्यांनी मला मूठ सोडू नको म्हणून दहादा सांगितलं होतं, त्याच आल्यागेल्याला सांगायच्या, "मूठ कधी सोडावी एवढं तरी बाईला कळाया पायजे." बरं, आडोशाला भेटल्या की त्याच बाया माझा खांदा धरून कुजबुजायच्या, "आम्ही बघितलंय बाई, शेठनंच काढाया लावलं. पण बोलायचं कसं? आमचा गडी गाडीत बसतो." हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. माझ्याकडं ना हात ना काकण, आणि गाव आरसा उपडा घालून बसलेलं.

तर असं सगळं झाल्यावर तात्या माझ्या ओट्यावर बसून म्हणत होते, पहिली पेंढी तू घाल.

"गावात बाया संपल्या का?" मी विचारलं.

"कुणी तयार होईना," तात्या म्हणाले. "आमच्याच घरच्या सुना माहेरी निघून गेल्या. पाटलाच्या बायकोला नेमका आत्ताच ताप आला. सगळ्या भ्यायल्यात. आणि उदयशेठनं निरोप धाडलाय, पेंढी होत नसंल तर मशीन दुसऱ्या गावाला नेतो. एकदा मशीन गेलं की गाडी जायला किती वेळ लागतो?"

"मग मी भ्यायले नसेन असं वाटलं होय तुम्हाला?"

"तू घातलीस तर लोकांना दिसंल ना, भ्यायचं कारण नाय म्हणून." तात्या जरा पुढं सरकले. आवाज खाली आणला, जणू माझ्याच भल्याचं सांगतायत. "आणि तुझं काय, एक तर गेलेलाच हाय."

पंचायतीतल्या एकानं त्यांचा सदरा ओढला. पण बोलून झालं होतं. मी सोपानकडं बघितलं. तो खांबाचा रंग नखानं खरवडत होता.

मला वाटलं होतं, मी परात फेकून मारेन. पण माझं डोकं एकदम थंड झालं. मी हात धुतला, पदराला पुसला, आणि म्हणाले, "घालते."

तात्यांचा चेहरा उजळला.

"पण आधी यांनी बोलायचं." मी सोपानकडं बोट केलं. "खळ्यावर, सगळ्यांसमोर, माईकवर. नरडं उदयशेठनं काढायला लावलं, माझ्या बायकोनं नाही. एवढं एक वाक्य. मग मी पेंढी घालते."

"अगं, उदयशेठ समोर बसलेला असताना?"

"त्यांच्या माघारी सांगून काय उपयोग तात्या? माघारी तर सगळं गाव मला सांगतं."

 तात्या माझ्याशी बोलायचं सोडून सोपानशी बोलायला लागले, बैलाच्या व्यवहारात बैलाला विचारत नाहीत तसं. "सोपान, एक वाक्य तर हाय. चौकशी केव्हाच मिटली. आता बोलल्यानं कुणाचं काय बिघडतंय? शेठला मी आधी समजावतो. गाव राहील, मान राहील, बाईचंही समाधान होईल."

सोपाननं मान हलवली. हो म्हणून.

ते गेल्यावर दिवे लागायच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन बसला. वर्षभरात असा बसला नव्हता. लसणाच्या पाकळ्या मला एका हातानं सोलता येत नव्हत्या, दातानं सोलायचे. त्यानं त्या माझ्या पुढ्यातून ओढून घेतल्या आणि सोलायला लागला.

"बोलतो मी," तो म्हणाला.

"खरं?"

"खरं. मला पण झोप लागत नाय नीट."

"अहो, एवढं बोललात ना, तर मी मागचं सगळं विसरते," मी म्हणाले. आणि मी खरंच विसरले असते. मला माझं माहीत आहे. मी तोंडानं फाटकी आहे, पण आत काही साठवून ठेवायची मला सवय नाही. त्या संध्याकाळी आम्ही चारचौघांसारखे जेवलो. मी इतकी खुळी, की पाडव्याला नेसायला तीच पैठणी काढून ठेवली. तिच्यावरचे डाग मीच धुतले होते, निम्मे राहिले होते. मला वाटलं, राहू देत, दिसू देत.

पाडव्याला खळं भरून गेलं होतं. गुढ्या उभारून, पुरणाचं खाऊन सगळं गाव आलं होतं. मान होता म्हणून नाही. बघायला आले होते, मी काय करते ते. मशीन लाल रंगाचं, झेंडूच्या माळा घातलेलं. तोंडाला नरडं होतं, या खेपेला आणखी लांब, आणि चारी बाजूंनी जाड नटांनी आवळलेलं. मी ते बघितलं, पण मागं वळले नाही.

उदयशेठ खुर्चीतून उठून माझ्यासमोर आला, हात जोडले. वाईट माणूस दिसत नव्हता. बापासारखंच रुंद कपाळ होतं.

"वहिनी, तुम्ही आलात, फार मोठं मन आहे तुमचं," तो म्हणाला. मग माईक हातात घेतला. गावाचं आणि कारखान्याचं रक्ताचं नातं, सोनाकाकूंचे उपकार, केशवशेठची आठवण, सगळं बोलला. शेवटी म्हणाला, "आणि आज मला एक आनंदाची बातमी द्यायची आहे. आपल्या गावचे सोपान गवांदे आजपासून जोडणी खात्याचे मुकादम आहेत."

टाळ्या पडल्या. मी सोपानकडं बघितलं. त्याला हे आधी माहीत नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन. त्याचा चेहरा आधी उघडला, आणि मग हळूहळू मिटत गेला. मला तिथंच कळलं. तरी मी आशा सोडली नाही.

तात्यांनी माईक घेतला. "आता सोपानराव दोन शब्द बोलतील," ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघून त्यांनी मान डोलावली. म्हणजे बघ, मी माझं काम केलं.

सोपाननं माईक धरला.  बायांनी पदर तोंडाला लावले. सगळ्यांना अट ठाऊक होती, गावात असली गोष्ट लपते थोडीच.

"सगळ्यांना," सोपान म्हणाला, आणि थांबला. घसा साफ केला. "सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा. आपल्या गावाचं आणि कारखान्याचं नातं असंच राहो."

त्यानं माईक तात्यांना दिला आणि जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला.

टाळ्या पडल्या. आधीच्यापेक्षा जास्त पडल्या. लोकांना सुटल्यासारखं झालं होतं, मला ते त्या आवाजातच कळलं.

आत्यांनी पेंढी आणून माझ्या डाव्या हातात दिली. ट्रॅक्टर सुरू झाला, मशीनचा ढोल फिरायला लागला. ती घरघर मी वर्षभर कानांत घेऊन हिंडले होते.  तात्या म्हणाले, "चल कौतिका, आता घाल. नरडं हाय, भ्यायचं काय नाय."

मी मशीनकडं गेले नाही. मी खुर्च्यांकडं गेले. उदयशेठच्या समोर उभी राहिले आणि पेंढी त्याच्यापुढं धरली.

"घ्या," मी म्हणाले. "अवंदा मान तुमचा. तुम्ही घाला."

तो उठून उभा राहत हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याचंही हसू गेलं.

"वहिनी, हा सवाष्णीचा मान आहे."

"सवाष्णी ताप येऊन निजल्यात. तुमचं मशीन आहे, तुम्हीच बनवलंय. नरडं बसवलंय. भ्यायचं काही नाही म्हणतात. घ्या की, दाणा पडेपर्यंत तेवढी मूठ धरा."

मी पेंढी त्याच्या छातीला टेकवली. तो एक पाऊल मागं सरला. मागं खुर्ची होती, ती कलंडून पडली. आणि त्याचा उजवा हात, हे सगळ्या खळ्यानं बघितलं, त्याचा उजवा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला.

 ट्रॅक्टरवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं इंजिन हळू केलं.

मी वळले. "तात्या, तुम्ही घाला. तुमच्या चुलतीचा मान आहे हा."

"बास कर कौतिका," तात्या म्हणाले. त्यांनी माईक छातीशी दोन्ही हातांनी आवळून धरला होता.

मी गाडीत बसणाऱ्या गड्यांच्या रांगेकडं गेले. मशीन बनवणारे ते. मी एकेकासमोर पेंढी धरत गेले आणि एकेक जण शेजाऱ्याच्या मागं सरकत गेला. रांगेच्या शेवटी माझा नवरा होता.

"सोपान," मी म्हणाले.

बायांमधून बारीक आवाज उठला. लग्न झाल्यापासून त्याचं नाव मी उखाण्यात तेवढं घेतलं होतं.

"सोपान, तू मुकादम झालास. तुझे दोन्ही हात धड आहेत. बायकोच्या हातून घे आणि घाल."

त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, हा घेईल. देवाशपथ, मला तेवढं वाटलं, आणि मी त्याला अडवलंही असतं. त्यानं नुसता हात पुढं केला असता तरी मी पेंढी मागं घेतली असती, स्वतः जाऊन घातली असती, आणि कुणाला एक शब्द विचारला नसता.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

मी पेंढी त्याच्या पायाशी ठेवली आणि घरी चालत गेले. पाठीमागं ट्रॅक्टर बंद झाल्याचं ऐकू आलं.

पुढच्या वर्षीपासून मशीन दुसऱ्या तालुक्यात जायला लागलं. गाडी आणखी दोन-तीन वर्षं येत होती, मग तिचा रस्ता बदलला. ज्यांना नगरला खोली करून राहता आलं ते राहिले, बाकीचे रानात परत आले. सरकारी साहेब पुन्हा कधी आले नाहीत, आणि नरडं कुणी काढायला लावलं हे आजतागायत गावात कुणी मोठ्यानं बोललेलं नाही. बोलतात ते एवढंच, की कौतिकानं कारखाना घालवला. तिशीतली पोरं, जी तेव्हा जन्मलीही नव्हती, तीसुद्धा मला बघून असं म्हणतात. मी ऐकून घेते.

सोपान मुकादम म्हणूनच निवृत्त झाला. आम्ही एकाच घरात राहतो, जाणार कुठं. तो मला लसूण सोलून देतो, केस विंचरून देतो, ब्लाउजची हुकं लावून देतो. इतकी वर्षं न चुकता देतो, आणि मी करून घेते. बाया म्हणतात, नवरा असावा तर असा.

मी त्याला नावानं हाक मारते. 'अहो' म्हणून पुन्हा कधी म्हणाले नाही.